जुन्या प्लग-इनांची वहिवाट

चित्र, ध्वनी आणि चलच्चित्र यांच्या व्यवसायात ज्यांचा दिवस संगणकापुढे उगवतो आणि बहुधा तेथेच मावळतो, त्या मंडळींना आपल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाल्याची वार्ता कळली म्हणजे हर्षापेक्षा धास्तीच अधिक वाटते, ही गोष्ट त्या व्यवसायाबाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटण्याजोगी आहे. नवे ते अधिक वेगवान, अधिक समर्थ, आणि वर्गणी आधीच भरलेली असल्यामुळे निराळा खर्चही नाही. मग धास्ती कशाची? धास्ती असते ती प्लग-इनांची. अंधेरीच्या एखाद्या एडिटिंग स्टुडिओत मालिकेचा भाग रात्रीतून पुरा करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने फोटोशॉप किंवा आफ्टर इफेक्ट्स हे कामाचे अर्धेच साधन असते; उरलेले अर्धे, आणि पुष्कळदा ज्यावर त्याच्या हाताची ओळख उमटलेली असते ते अर्धे, निरनिराळ्या लहानमोठ्या कंपन्यांकडून वेळोवेळी स्वतंत्र पैसे मोजून घेतलेल्या प्लग-इनांचे असते. एक ध्वनीतील खरखर काढते, दुसरे त्वचेचा वर्ण सारखा करते, तिसरे पडद्यावर धूर, पाऊस वा अग्नी निर्माण करते. नवी आवृत्ती चढवावी, कालचा प्रोजेक्ट उघडावा, आणि अमुक अमुक इफेक्ट सापडत नाहीत अशी यादी पडद्यावर यावी, या प्रसंगातून न गेलेला संपादक विरळा. यादी येते ती नेमकी काम पोहोचते करण्याच्या आदल्या दिवशी, असा जो या धंद्यात समज आहे त्यात अतिशयोक्ती असेल, पण ती फार नसावी.

या परावलंबनाचा दोष वापरणाऱ्याच्या माथी मारण्याची एक रीत आहे. दुसऱ्याच्या घराला आपले दालन जोडून राहिलात तर घरमालकाने भिंत हलवली म्हणून तक्रार कशी करता, असा तो युक्तिवाद. पण दालन जोडा असे आमंत्रण मुळात कोणी दिले, हे पाहिल्यावाचून या युक्तिवादाचे मोल ठरविता येत नाही. अ‍ॅडोबीने फेब्रुवारी १९९० मध्ये मॅकिन्टॉश संगणकासाठी फोटोशॉपची पहिली आवृत्ती विक्रीस काढली, तेव्हाच फोटोशॉपचे कर्ते थॉमस नॉल यांनी तीत बाहेर लिहिलेला प्रोग्रॅम आत सामावून घेण्याची तजवीज करून ठेवली होती. आणि त्यांचे बंधू जॉन नॉल, जे त्या वेळी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या चित्रपटांतील दृश्यचमत्कारांच्या संस्थेत नोकरीस होते, त्यांनी कित्येक फिल्टर याच वाटेने लिहिले. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती, कारण सिलिकॉन बीच सॉफ्टवेअरच्या डिजिटल डार्करूममध्ये ती त्यापूर्वीच अवतरली होती. पण फोटोशॉपने तिला राजमान्यता दिली. १९९२ मध्ये ‘काईज पॉवर टूल्स’ हा प्लग-इनांचा संच आला आणि मुख्य सॉफ्टवेअरमध्ये नसलेली करामत पाहण्यासाठी लोक मुख्य सॉफ्टवेअर विकत घेऊ लागले. ध्वनीच्या प्रांतात हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी नावाचा संकेत प्रसिद्ध केला, आणि ज्याला तो पाळता येईल त्या कोणाचेही वाद्य वा ध्वनिसंस्कार आपल्या क्यूबेस या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये बसविण्याची मुभा दिली. पुढे प्रतिस्पर्ध्यांनीही तोच संकेत स्वीकारल्यामुळे तो साऱ्या धंद्याचा चलनी शिक्का झाला. तात्पर्य, परक्याने येऊन आपल्या भिंतीला भिंत लावावी ही मूळ मालकाचीच इच्छा होती, आणि त्या परक्याच्या श्रमांनी मालकाच्या मिळकतीची किंमत वाढली.

येथे मला १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाचे, म्हणजे आपल्याकडे शेताच्या बांधावरून आणि वाड्याच्या बोळातून ज्याच्या आधारे पिढ्यान्‌पिढ्या दावे चालत आले त्या कायद्याचे, स्मरण होते. एखाद्याच्या जमिनीतून आपण वीस वर्षे उघडपणे, निर्वेधपणे आणि हक्काच्या भावनेने जात-येत असलो, तर ती वाट आपल्या वहिवाटीची होते, हे तत्त्व गावोगावी ठाऊक आहे. प्लग-इनाची गोष्ट या तत्त्वात बसत नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. कारण मालकाच्या परवानगीने जो वापर होतो त्यातून, कितीही वर्षे लोटली तरी, हक्क उत्पन्न होत नाही, आणि प्लग-इनाचा वापर हा नखशिखान्त परवानगीचाच व्यवहार आहे. परंतु त्या कायद्याचे कर्ते केवळ वाटेचा विचार करून थांबले नाहीत. दिलेली परवानगी मालकाने केव्हा परत घ्यावी आणि केव्हा घेऊ नये, याचाही त्यांनी विचार केला. आणि कलम ६० मध्ये असे घालून ठेवले की परवानगीवर विसंबून समोरच्या माणसाने कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल आणि त्यासाठी खर्च सोसला असेल, तर ती परवानगी मालकाला मागे घेता येणार नाही. कलम ६३ त्याहून साधे आणि त्याहून माणुसकीचे आहे: परवानगी रद्द झाली तरी त्या मनुष्याला जागा सोडण्यासाठी आणि आपले सामान हलविण्यासाठी वाजवी मुदत मिळालीच पाहिजे. जमिनीचा कायदा सॉफ्टवेअरला लागू होत नाही, हे सांगण्यास वकिलाची गरज नाही. पण सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी बोळ आणि विहीर यांच्या बाबतीत ज्या न्यायबुद्धीचा उदय झाला होता, तिच्यापासून आजचे परवान्याचे करारनामे कितीतरी मागे आहेत, एवढे म्हणण्याचा अधिकार सामान्य नागरिकासही आहे.

मालकाची बाजू अगदीच लंगडी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. प्लग-इन हे मुख्य सॉफ्टवेअरच्या शेजारी बसत नाही, ते त्याच्या पोटात शिरून त्याच्याच स्मृतीत वावरते. म्हणून त्याला ठेच लागली की यजमानासकट सारे कोसळते, आणि ग्राहकाचा संताप मात्र यजमानावर होतो. शिवाय एकाच प्रक्रियेत दोन निराळ्या जातींची यंत्रभाषा नांदू शकत नाही. ३२ बिटांच्या सॉफ्टवेअरमध्ये ३२ बिटांचेच प्लग-इन चालणार, ६४ च्या मध्ये ६४ चेच; इंटेलच्या प्रोसेसरसाठी लिहिलेले प्लग-इन अ‍ॅपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवर मूळ रूपात चालणाऱ्या यजमानात उतरणार नाही. आता तीन-चार गिगाबाइटांच्या पलीकडची स्मृती ३२ बिटांच्या प्रोग्रॅमला दिसतच नाही, आणि चित्रपटाच्या प्रतिमा तर त्या मर्यादेत मावेनाशा झालेल्या. अशा स्थितीत अ‍ॅडोबीने २०१० मध्ये आफ्टर इफेक्ट्सची सीएस ५ ही आवृत्ती केवळ ६४ बिटांची काढली आणि परिणामी जुने एकूण एक प्लग-इन पुन्हा नव्याने घडवून घेणे भाग पडले, याला मनमानी म्हणणे अन्यायाचे होईल. अनेकदा तर यजमान स्वतःच दुसऱ्याचा भाडेकरू असतो. २००७ च्या जून महिन्यात अ‍ॅपलने कार्बन या आपल्या जुन्या व्यवस्थेला ६४ बिटांचे रूप देण्याचा बेत सोडून दिला, तेव्हा फोटोशॉपच्या मॅकवरील आवृत्तीला ६४ बिटांचे होण्यासाठी विंडोजवरील भावंडाच्या मागे २००८ पासून २०१० पर्यंत थांबावे लागले.

त्याच २०१० च्या फोटोशॉपमध्ये एक सोय होती, तिचा उल्लेख या धंद्यातील जुनी माणसे अजूनही कृतज्ञतेने करतात. मॅकवर त्या सॉफ्टवेअरच्या माहितीची खिडकी उघडून एका चौकोनात खूण केली की तेच फोटोशॉप ३२ बिटांच्या वृत्तीने सुरू होई आणि जुनी प्लग-इने पूर्ववत कामास लागत. वेग कमी, पण काम चालू. दहा वर्षांनी अ‍ॅपलने इंटेलची संगत सोडली, तेव्हाही रोझेटा २ या दुभाष्याच्या रूपाने जवळजवळ तशीच खूण करण्याची तोड निघाली: फोटोशॉप रोझेटातून उघडावे, म्हणजे इंटेलची जुनी प्लग-इने आत दिसू लागतात. दुभाष्याची ही नोकरी कायमची नसते, हेही अनुभवाने ठाऊक आहे, कारण २००६ मध्ये आलेला पहिला रोझेटा मॅकच्या प्रणालीच्या २०११ मधील लायन आवृत्तीत अ‍ॅपलने काढून टाकला. आणि २०१९ च्या ऑक्टोबरात कॅटालिना ही आवृत्ती आली तेव्हा ३२ बिटांचे सारेच सॉफ्टवेअर एका फर्मानासरशी मॅकच्या राज्यातून हद्दपार झाले. दुसऱ्या रोझेटाचीही मुदत ठरलेली आहे: मॅकओएस २७ पर्यंत तो सर्वसाधारण वापरास राहील, पुढे काही जुन्या खेळांपुरताच उरेल, असे अ‍ॅपलने २०२५ च्या जूनमध्येच सांगून ठेवले. मुदत आधी सांगितली, ही गोष्ट अ‍ॅपलच्या जमेस धरली पाहिजे.

म्हणून माझा आक्षेप जुने तुटते यावर नाही. जुने तुटणारच, सोयीसाठी, सुरक्षिततेसाठी, कधी निव्वळ कंपनीच्या तिजोरीसाठी तुटेल. आक्षेप आहे तो जुने हिरावून घेतले जाते यावर. नवी आवृत्ती ज्याला हवी त्याने घ्यावी आणि ज्याचे हातातले काम जुन्या प्लग-इनावर अवलंबून आहे त्याने ते पुरे होईतो जुन्या आवृत्तीत राहावे, ही वाट जोवर मोकळी आहे तोवर प्लग-इनाचे तुटणे ही गैरसोय आहे, आपत्ती नव्हे. २०१३ पर्यंत ती वाट मोकळी होती, कारण डबीतली तबकडी आपल्या कपाटात असे. त्या वर्षीच्या मे महिन्यात अ‍ॅडोबीने क्रिएटिव्ह क्लाउडची वर्गणी हाच यापुढचा एकमेव मार्ग असल्याचे जाहीर केले आणि आदल्या वर्षीची सीएस ६ ही कायमच्या परवान्याची शेवटची आवृत्ती ठरली. प्रारंभी वर्गणीदाराला मागच्या बऱ्याच आवृत्त्या उतरवून घेता येत. मे २०१९ मध्ये त्यांवर मर्यादा घालून चालू आणि तिच्या लगत मागची अशा दोनच प्रमुख आवृत्त्या उपलब्ध ठेवण्यात आल्या, इतकेच नव्हे तर काही जुन्या आवृत्त्या वापरण्याचा परवाना आता उरलेला नाही आणि वापर चालू ठेवल्यास तिसऱ्या पक्षाकडून दावा येण्याचा संभव आहे, अशी पत्रे ग्राहकांना गेली. वर्गणी भरणारा मनुष्य एका सकाळी अनधिकृत ठरतो, आणि तेही त्याने काहीही न करता, केवळ काल जे वापरत होता तेच आज वापरत राहिल्यामुळे! त्यातच नवी आवृत्ती चढविताना जुनी काढून टाकण्याच्या पर्यायापुढे आगाऊच खूण करून ठेवलेली असते, आणि घाईच्या माणसाचे बोट त्या खुणेपर्यंत सहसा पोहोचत नाही.

याउलट ब्लेंडर या त्रिमित चित्रांच्या सॉफ्टवेअरचे उदाहरण पाहावे. २०१९ च्या जुलैअखेर आलेल्या त्याच्या २.८० या आवृत्तीने तोडफोड काही कमी केली नाही. पूर्वीची कितीतरी अ‍ॅड-ऑन तिच्यात चालेनाशी झाली आणि ती लिहिणाऱ्यांना पुन्हा बसावे लागले. पण ब्लेंडरच्या जुन्या आवृत्त्या, अगदी पहिल्या जमान्यातल्या सुद्धा, कोणालाही उतरवून घेता येतात, एकाच संगणकावर चार आवृत्त्या एकमेकींच्या पायात न येता नांदतात, कारण प्रत्येकीचे सामान आपापल्या स्वतंत्र फोल्डरात असते. आणि २०२० पासून दरवर्षी एका आवृत्तीला दोन वर्षे सांभाळण्याची हमी दिली जाते, ज्यायोगे लांबलचक चित्रपट करणाऱ्याने त्या एकीवर तंबू ठोकावा आणि निश्चिंत राहावे. ब्लेंडर फुकट वाटले जाते, म्हणून त्याला हे औदार्य परवडते, असे म्हणणारे भेटतात. पण जुन्या आवृत्तीच्या फायली सर्व्हरवर राहू देण्यास कोणत्याही कोट्यधीश कंपनीला काय खर्च येतो, हे मला अद्याप कोणी समजावून सांगितलेले नाही.

प्लग-इन लिहिणाऱ्याची कहाणी याहून निराळी, आणि काही वेळा अधिक करुण. निक कलेक्शन हा छायाचित्रकारांच्या आवडीचा संच गूगलने २०१२ मध्ये तो बनविणारी कंपनीच विकत घेऊन आपल्या पदरात पाडला; २०१६ च्या मार्चमध्ये तो मोफत वाटला; २०१७ च्या मे महिन्यात यापुढे त्यात सुधारणा होणार नाही असे सांगून त्यावरचा हात काढला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात फ्रान्समधील डीएक्सओने तो विकत घेऊन जिवंत ठेवला नसता, तर पुढच्या एखाद्या यंत्रांतरात तो निश्चित बुडाला असता. डीएक्सओसारखा वाली सर्वांना मिळत नाही. एकट्यादुकट्या माणसाने लिहिलेली, त्याच्या निवृत्तीनंतर वा निधनानंतर ज्यांचा मूळ संकेतपाठ कोणापाशी उरला नाही अशी प्लग-इने ध्वनीच्या क्षेत्रात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या नादावर बेतलेले संगीतही. व्हीएसटीची तिसरी पिढी २००८ मध्ये आली. स्टाइनबर्गने दुसऱ्या पिढीची सामग्री नव्या लेखकांना देणे २०१८ मध्ये बंद केले, आणि २०२२ च्या जानेवारीत, चोवीस महिन्यांत आपण त्या पिढीचा आधार सोडू असे जाहीर केले. चौदा वर्षे दोन्ही पिढ्या शेजारी नांदल्या, याला घाई म्हणता येणार नाही. तरीही ज्याचा कर्ताच राहिला नाही त्या प्लग-इनाला चौदा काय आणि चाळीस काय, मुदत कधी पुरीच पडायची नाही; त्याचा एकमेव आसरा म्हणजे जुना यजमान.

मराठी मुद्रणव्यवसायाला हे सारे नवे नाही. पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरची शेवटची, म्हणजे सातवी आवृत्ती २००१ मध्ये निघाली आणि तिचा विकास पुढे थांबला. परंतु पुण्या-मुंबईच्या अक्षरजुळणीच्या कार्यालयांत ती त्यानंतर कैक वर्षे सुखाने नांदत राहिली, आणि याचे कारण ऑपरेटरांचा आळस हे नव्हते. देवनागरी अक्षरजुळणी ही पेजमेकरच्या अंगची विद्या नव्हतीच. ती पुरविली पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीने, सी-डॅकच्या आयएसएमने आणि अशाच इतर पुरवणी-सॉफ्टवेअरांनी, ज्यांच्या फॉण्टांत अर्धी अक्षरे, काने आणि वेलांट्या रोमन चिन्हांच्या जागांवर बसविलेल्या होत्या. त्या पुरवणीवाचून फाइल उघडली की पडद्यावर मराठी दिसत नसे, दिसे तो रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा अर्थशून्य काला. शिवाय यांतील काही सॉफ्टवेअरांना परवान्याची खूण म्हणून संगणकाच्या पाठीत खोचण्याचे डोंगल लागे, आणि नव्या संगणकांना ते खोचण्याचे तोंडच राहिले नाही. अ‍ॅडोबीच्या इनडिझाइनने २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीत भारतीय लिप्यांची जुळणी अंगभूत केली, युनिकोडचे दार उघडले, नव्या मजकुराचा प्रश्न सुटला. पण दोन दशकांची पुस्तके, कोश, दिवाळी अंक जुन्या सांकेतिक रूपात पडून होते. परिवर्तक प्रोग्रॅम आहेत, तथापि जोडाक्षरांत आणि रफारांत ते अशा काही चुका करतात की साऱ्या मजकुराची मुद्रिते नव्याने तपासावी लागतात, आणि कोशाची मुद्रिते पुन्हा तपासणे म्हणजे काय हे ज्याने एकदा तपासली असतील त्यालाच कळावे. म्हणून कार्यालयाच्या कोपऱ्यात विंडोज एक्सपीचा एक जुना संगणक झाकण घालून जपला जातो. आमच्या ग्रंथसंपत्तीचा बराचसा भाग अशा कोपऱ्यांच्या भरवशावर आहे, आणि तो शिल्लक आहे तो एवढ्याचसाठी की पेजमेकरची ती आवृत्ती वर्गणीची नव्हती. कोणी दूरदेशी बसून तिचा परवाना एका रात्रीत रद्द करू शकत नव्हते.

वापरणाऱ्यानेही थोडे शहाणपण अंगी बाणविले पाहिजे, हे खरेच. काम अर्ध्यावर असताना आवृत्ती बदलू नये. प्लग-इनाच्या प्रत्येक कर्त्याने नव्या आवृत्तीला मान्यता दिली की नाही हे पाहिल्याशिवाय हात लावू नये. इन्स्टॉलर आणि अनुक्रमांक जपून ठेवावेत. ज्या दृश्यावर वा ट्रॅकवर नाशवंत प्लग-इन बसविले आहे ते आधीच रेंडर करून त्याची स्वतंत्र फाइल करावी, कारण फाइलीला प्लग-इन लागत नाही. आफ्टर इफेक्ट्स आणि प्रीमियर यांची सामाईक प्लग-इने ज्या मीडियाकोर नावाच्या फोल्डरात राहतात, त्याच्या वाटेतील ७.० हा आकडा इतक्या आवृत्त्या येऊन गेल्या तरी कायम आहे, त्यामुळे तेथे ठेवलेले प्लग-इन नव्या आवृत्तीला आपोआप सापडते. आवृत्तीच्या खाजगी फोल्डरात ठेवलेले मात्र जुन्या घरीच राहून जाते, ही बारीक गोष्ट कितीतरी रात्री वाचवू शकेल. (असे न बदलणारे आकडे कंपन्यांनी आणखी काही ठेवले, तर त्यांना दुवा मिळेल.) आणि कंपन्यांना सौम्य मार्ग ठाऊक नाही असेही नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात आफ्टर इफेक्ट्सने अनेक फ्रेम एकाच वेळी रेंडर करण्याची पद्धत आणली, तेव्हा त्या पद्धतीला अनुकूल नसलेली प्लग-इने त्याने बाहेर काढली नाहीत. त्यांच्या नावापुढे इशाऱ्याची खूण केली, ती मंदगतीने चालू दिली, आणि बदलाचा निर्णय वापरणाऱ्यावर सोपविला.

आता कायद्याकडे वळावे, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने एका पक्षाला वाजवी कारणाविना एकतर्फी करार संपविता येईल अशी शर्त अनुचित करारांत गणली आहे, आणि तिच्याविरुद्ध राज्य आयोगाकडे जाण्याची वाट ठेवली आहे. पण व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वा सेवा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते, आणि स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्या माणसाला दिलेली सवलत वस्तूंपुरती शब्दबद्ध आहे. तेव्हा सॉफ्टवेअरची वर्गणी ही वस्तू की सेवा, या प्रश्नावर एकट्या संपादकाने वर्षानुवर्षे झगडावे, अशी अपेक्षा करणे फोल आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकाराचा विषय हाती घेतला, तो शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने एवढ्या क्षेत्रांपुरता. ज्या साधनांवर आज लाखो लोकांची उपजीविका चालते ती सॉफ्टवेअरे त्या यादीत घालण्याची दरखास्त चित्रपट, मुद्रण आणि ध्वनी या व्यवसायांच्या संघटनांनी एकत्रितपणे विभागाकडे रुजू करावयास हवी. मागणे फार नसावे. प्लग-इनांचा संकेत बदलायचा असेल तर निदान दोन वर्षांची जाहीर पूर्वसूचना. तेवढ्या काळात जुन्या आवृत्तीचा परवाना अबाधित. आणि आवृत्ती कायमची निवृत्त करताना, ज्यांनी तिचे पैसे मोजले आहेत त्यांच्यापुरती, अ‍ॅक्टिव्हेशनची अट नसलेली एक प्रत. शेवटचे मागणे स्वप्नाळू वाटेल, पण ते पूर्वी पुरविले गेलेले आहे: २००५ च्या सीएस २ चे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद करण्याची वेळ आली, तेव्हा २०१३ च्या सुमारास स्वतः अ‍ॅडोबीनेच जुन्या परवानाधारकांसाठी अशी प्रत अनुक्रमांकासह उपलब्ध करून दिली होती, आणि त्यामुळे अ‍ॅडोबी बुडाली नाही.